बारा जणींची साक्ष

६ जानेवारी, मंगळवार

ही वही सरावाची आहे. डाव्या पानावर मुलींच्या वेळा आणि उजव्या पानावर माझी बडबड, असा तीस वर्षांचा रिवाज. आज उजवं पान पुरणार नाही असं दिसतंय.

आधी वेळा. आतल्या दोन पट्ट्यांवर बर्फ होता, तो शाळेच्या शिपायाने आणि मी फावड्याने ओढला. सहाशे मीटर: इत्तो एक मिनिट अठ्ठावीस, गिझ्लान एक तेहतीस. इत्तो एकोणीस वर्षांची आहे आणि तिला अजून धावता येत नाही, ती नुसती पळते. खांदे कानाला लागलेले, मुठी आवळलेल्या, आणि तरी अठ्ठावीस. आमच्या अझ्रू गावच्या या मातीच्या ट्रॅकवर अशी मुलगी मी पाहिलेली नाही, आणि हे मी स्वतःला धरून सांगते आहे.

मे महिन्यात परदेशात आठशे मीटरची मोठी शर्यत आहे. संघात आमच्या क्लबसाठी एक जागा आहे आणि ती इत्तोची. त्याच संदर्भात आज राजधानीहून पत्र आलं. नवा नियम: बायकांच्या गटात धावणाऱ्या प्रत्येकीची एकदा जनुकांची तपासणी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पुरुषांत असतं ते जनुक नाही ना एवढं पाहायचं, आणि संपलं. एकतीस जानेवारीच्या आत नमुना गेला नाही तर जागा गेली.

मलाही एकवीस वर्षांची असताना असंच तपासलं होतं. एका मिनिटाचं काम. मग हातात एक कार्ड दिलं, की ही बाई आहे. माझा भाऊ ते कार्ड महिनाभर पाहुण्यांना दाखवत होता, की बघा, आता तरी खात्री पटली आमची.

८ जानेवारी, गुरुवार

इत्तोच्या आईकडे जाऊन आले. फादमा विधवा आहे, घरी माग आहे, गालिचे विणते. मी बोलत होते आणि तिचे हात धाग्यांतून फिरत होते. 'दाखला' शब्द ऐकला तेव्हा मात्र थांबले.

"आमच्यात मुलीचा दाखला लग्नाच्या वेळी मागतात, लल्ला महजूबा. पळायला कशाला लागतो?"

आता कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. तिला वाटलं कौमार्याचा दाखला. डॉक्टरीण पडदा ओढते, सासू बाहेर बसते, तो. मी हसले. आगपेटीतली काडी काढून स्वतःच्या गालात फिरवून दाखवली. म्हटलं, "बघ, तोंड. तोंडाच्या खाली कोणी बघत नाही."

"गाल काय नि काय," ती म्हणाली. "एकदा कागद निघाला की मग तो बोलत राहतो."

"फादमा, कर नाही त्याला डर कशाला?"

ती म्हणाली, लहानपणी इत्तोच्या दोन्ही जांघांत हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून पोरीला दवाखान्याची धास्ती आहे. मी म्हटलं, जांघ वेगळी, गाल वेगळा. पालथ्या घड्यावर पाणी. निघताना तिने मला डझनभर अंडी दिली, आणि दारात माझा हात धरून म्हणाली, "तिला इथेच पळू द्या ना तुम्ही. इथे कोण काय विचारतंय?"

अंडी ताजी होती. बाई चांगली आहे, पण अडाणी.

११ जानेवारी, रविवार

तपासणीसोबत एक फॉर्मही आहे. आज तो इत्तोसोबत भरला. वजन, उंची, आजार. पाळीच्या तारखेपाशी ती अडली. "अजून आलीच नाही, उस्तादा." एवढं पळणाऱ्या मुलींचं असंच असतं, माझीही दोन दोन वर्षं गायब असायची. मी फॉर्मवर 'अनियमित' लिहून टाकलं. तिला बरं वाटलेलं दिसलं. आई याबद्दल बोलूच देत नाही म्हणे. म्हणते, देव देईल तेव्हा देईल.

१४ जानेवारी, बुधवार

आमच्या जुन्या पंचांगाच्या नव्या वर्षाची सुट्टी. कोंबडी कुसकुसात घालून पोटभर खाल्ली आणि लवंडल्यावर सुचलं. गेल्या वर्षी आमच्या चुलत्याच्या जमिनीचा वारसा कसा लागला? कागद एकही नव्हता. अदूलांसमोर, म्हणजे दस्त लिहिणाऱ्यांसमोर, बारा माणसं उभी केली, त्यांनी सांगितलं की आम्ही याला याच्या बापाचा मुलगा म्हणून ओळखतो, अदूलांनी लिहून घेतलं आणि न्यायाधीशाने शिक्का मारला. बारा जणांच्या साक्षीवर जमीन मिळते, मग एका मुलीला मुलगीपण मिळणार नाही?

तशीच उठून फादमाकडे गेले. म्हटलं, डॉक्टर नको तर नको. बारा साक्षीदार आणू, कागद करू, राजधानीला पाठवू. काडीची गरजच नको.

मला वाटलं होतं पुन्हा तासभर घासाघीस होईल. बाई माग सोडून उभी राहिली. "बारा? मी उद्या आणते. पंधरा आणू का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. इतके दिवस तिला नेमकं काय टोचत होतं कुणास ठाऊक, पण सुंठीवाचून खोकला गेला.

१९ जानेवारी, सोमवार

आज साक्षी झाल्या. अदूल सी अल-मक्की यांची खोली एवढीशी. त्यात ते स्वतः, त्यांचे जोडीदार, शेगडी आणि बारा बायका. आधी ते पुरुषच मागत होते.

"सी अल-मक्की," मी म्हटलं, "ही मुलगी आहे हे बारा बाप्यांनी सांगितलं, तर तुम्ही आधी त्यांनाच विचाराल ना, तुम्हाला कसं ठाऊक?"

जोडीदार खोकल्यात हसले. सी अल-मक्कींनी दाढी खाजवली आणि म्हणाले, बायकांच्या गोष्टीत बायकांची साक्ष चालते, चला.

एकेक जण सांगत गेली. मी हिला अंगावर पाजलंय. मी हिच्या वेण्या घातल्यात. माझ्या लेकीच्या लग्नात हिने सात दिवस माझ्या घरी भाकऱ्या थापल्या. शेजारची यामना म्हणाली, "हिला मुलगी नाही म्हणणाऱ्याच्या जिभेला फोड येवोत." सी अल-मक्की म्हणाले, हे मी लिहीत नाही. इत्तो दाराशी उभी होती. हसत होती, मग हसू आवरून खाली बघायला लागली.

दोन अडचणी आल्या, त्याही लिहून ठेवते. मला हम्माममध्ये अंग चोळणारी झहरा हवी होती, कारण गावातली प्रत्येक बाई तिच्या हाताखालून गेली आहे. ती म्हणाली, "मी खोटं नाही सांगणार, लल्ला. ती माझ्याकडे कधी आलीच नाही. आई तिला घरीच न्हाऊ घालते." तिच्याऐवजी दुसरी शेजारीण घेतली.

दुसरी अडचण सुईण हेन्नियाची. ऐंशीची असेल. इत्तो तिच्याच हातावर जन्मली. तिला मी स्वतः गाडीतून आणली. अदूलांनी विचारलं, "तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलंत?" म्हातारीने काठी आपटली. "मी त्या दिवशी म्हणाले मुलगी, म्हणजे मुलगी. एकदा सांगितलं ना? पुन्हा पुन्हा काय विचारता?" सी अल-मक्कींनी 'मुलगी' लिहिलं. जाताना म्हातारी फादमाकडे बघत राहिली आणि फादमा जमिनीकडे. वय झालं की माणसं अशी चिडकी होतात. मीही होणार.

२२ जानेवारी, गुरुवार

राजधानीहून सी बूशता यांचा फोन. ते संघाची कागदपत्रं पाहतात. मला वीस वर्षं ओळखतात.

"लल्ला महजूबा, हे काय पाठवलंत? आम्हाला घर विकायचं नाहीये."

"बारा जणींची साक्ष आहे. न्यायाधीशाचा शिक्का आहे."

"शिक्का डोक्यावर ठेवतो. पण काडी पाठवा."

मी खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "एक विचारू? घरचे इतके मागे का सरतायत? नसेल पाठवायची तर नका पाठवू. मुलीचा पाय दुखावला म्हणून कळवा. मी लिहून घेतो, कोणी विचारणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या मुलीचा पाय ठणठणीत आहे. आणि फोन ठेवला.

२४ जानेवारी, शनिवार

सरावानंतर गिझ्लान बूट सोडत बसली होती. तिची काडी पहिल्याच आठवड्यात गेली आहे. तीन वर्षं ती इत्तोच्या मागे दुसरी आहे. पहाटे तीही उठते, पायाची नखं तिचीही जातात. मी सगळ्यांसमोर या नियमाला शिव्या घालत होते. ती खालमानेनेच म्हणाली, "नियम माझ्यासाठीपण आहे ना, उस्तादा?"

मी म्हटलं, "तू तुझ्या वेळेकडे बघ."

असं बोलायला नको होतं. पण मुदतीला सात दिवस राहिलेत, आणि माझ्या डोक्यात एकाच मुलीच्या काळजीपुरती जागा आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

फादमाकडे पुन्हा गेले. कागद चालला नाही म्हणून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग राहू द्या." मी समजावलं, ओरडले, हात जोडले. ती विणत राहिली.

बाहेर इत्तो भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "उस्तादा, मी एकोणीसची आहे. सही माझी चालते ना?"

"चालते."

"मग? आईला फसवून जायचं?"

"फसवून कुठे? उशिरा सांगून."

हे वाक्य माझंच आहे. नंतर नाकारता येऊ नये म्हणून लिहून ठेवते.

२९ जानेवारी, गुरुवार

फादमाला सांगितलं की मेक्नेसच्या ट्रॅकवर धावण्याची वेळ मोजायला नेते आहे. गाडी फेसला नेली. प्रयोगशाळेत पाच मिनिटं बसलो. तरुण मुलीने काडी फिरवली, नळीत घातली, चिठ्ठी चिकटवली. इत्तोने घाबरून माझा हात धरला होता. झाल्यावर हसायलाच लागली. "एवढंच? एवढ्यासाठी बारा बायका?"

बाहेर उभ्यानेच बिसारा, सोलल्या वालाचं दाट सार, प्यायलो, वर जिरं आणि ऑलिव्हचं तेल. तिने दोन वाट्या संपवल्या. परतीच्या वाटेवर ती मे महिन्याचंच बोलत होती. त्या ट्रॅकचा रंग निळा असतो का, विमानात खिडकी मिळते का. मला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. फादमालाही यादीत नाव आल्यावरच सांगू, म्हणजे राग लवकर जाईल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

यादी आली. आमच्या क्लबपुढे नाव नाही. मी सी बूशतांना सात वेळा फोन केला. आठव्यांदा उचलला. "मी तुमच्याशी बोलू शकत नाही, लल्ला. निकाल जिचा तिलाच कळवतात. डॉक्टर तिच्याशी बोललेत." मग म्हणाले, "मी तुम्हाला पाय म्हणालो होतो."

नमुना खराब झाला असेल. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. त्या मुलीने हातमोजे घातले होते का, आठवत नाही.

इत्तो चार दिवस सरावाला आलेली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

इत्तो आली. सगळ्या मुली गेल्यावर. पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसली आणि तिने सरळ सांगितलं. चिठ्ठी बदललेली नाही, दोनदा तपासलं. ते जनुक तिच्यात आहे. जन्मापासून. शरीराच्या आत जे असायला हवं ते नाही आणि जे नको ते आहे. लहानपणी ऑपरेशन झालं ते हर्नियाचंच होतं की काय, तेही डॉक्टरांना बघायचंय. हे सगळं तिने शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं एका सुरात सांगितलं.

मी म्हटलं, "अजून वरच्या तपासण्या असतील. अर्ज करू."

"डॉक्टर म्हणाले, पुरुषांच्या गटात नाव देता येईल." ती हसली. "माझी वेळ त्या गटात शाळेतल्या पोरांच्याही मागे आहे, उस्तादा."

शिटी हातात होती, तिची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

"आईला होतं. मी विचारलं. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाहीये." मग ट्रॅककडे बघत, "ती मला न्हाऊ घालताना कधी दिवा लावायची नाही. मला वाटायचं, तेल वाचवते."

ती गेल्यावर ही वही उघडून मागची सगळी पानं वाचली. हर्निया. पाळी. झहरा. हेन्नियाची काठी. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मी नाकाने कांदे सोलत बाजूला लिहून ठेवलंय की बाई चांगली आहे, पण अडाणी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमजानचा दुसरा शुक्रवार. फादमाकडे गेले. रोजा होता म्हणून चहाचा प्रश्न नव्हता, नसता तरी तिने दिला नसता. माग थांबलेला. इत्तो आतल्या खोलीत, दार लावून.

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, ती धड मागताही आली नाही.

फादमा म्हणाली, "हेन्नियाने मला विचारलं होतं. पोर हातात होतं, रडत होतं. म्हणाली, मला नीट कळत नाहीये, काय सांगू बाहेर? मी म्हटलं, मुलगी सांग. बस. एकोणीस वर्षं कोणाला शंका आली नाही. तिला स्वतःला आली नाही."

"तू मला सांगितलं असतंस तर..."

"काय सांगायचं होतं तुला? कोणत्या तोंडाने? मी नको म्हटलं. दहा वेळा नको म्हटलं. आई नको म्हणते यात ऐकायला काय कमी होतं?"

फादमाने मागावरचा सुटा धागा ओढला.

"आता बारा जणी विचारतात, त्या कागदाचं काय झालं. आपण अल्लाची शपथ घेऊन सांगितलंय, म्हणतात. तू त्यांना उभं केलंस, आता तूच उत्तर दे."

"मी सांगेन पाय दुखावलाय."

"त्यांना काहीही सांग," ती म्हणाली. "मला आतल्या दाराचं सांग. ते उघडत नाही. रोज इफ्तारला हरीऱ्याचं सूप दाराशी ठेवते आणि सकाळी उचलते. तिचा भरवसा तुझ्यावर होता, माझ्यावर नव्हता. जा, बोल."

मी दाराशी गेले. म्हटलं, "इत्तो, मी आहे." आतून काही नाही. म्हटलं, "आईने काही चुकीचं केलं नाही. मी केलं. ती तुला सांभाळत होती आणि मी जिंकायला निघाले होते." सूर्यास्ताची बांग होईपर्यंत तिथेच बसून राहिले. फादमाने माझ्याही पुढ्यात हरीरा ठेवला. पहिला घोट घेतला आणि कडी वाजली. इत्तो बाहेर आली, आमच्यात बसली आणि जेवली. कोणी कोणाकडे बघितलं नाही. पण जेवली.

१० मार्च, मंगळवार

राजधानीहून विचारणा: रिकाम्या जागी कोणाला पाठवता? गिझ्लानचं नाव दिलं. ईदनंतर दोन मिनिटं पाचच्या आत आठशे पळून दाखवलं तर जाईल. तिची आजवरची उत्तम वेळ दोन सहा. तिला सांगितलं तेव्हा ती रडली. म्हणाली, "मला अशी नको होती." मी म्हटलं, अशीच आली आहे, घे. आणि त्या शनिवारचं जे बोलले होते त्याबद्दल क्षमा मागितली. या महिन्यात तेवढंच करते आहे.

२४ मार्च, मंगळवार

आज गिझ्लानची चाचणी होती. सी बूशता स्वतः घड्याळ घेऊन आले होते. सुरू करायच्या आधी इत्तो फाटकातून आत आली, धावायच्या बुटांत. महिनाभर बूट घातले नव्हते तिने. मला म्हणाली, "हिला कोणीतरी ओढायला हवं. एकटीने दोन पाच होणार नाही. मी पुढे पळते, सहाशेला बाजूला होते."

मी सी बूशतांकडे पाहिलं. चाचणीत वेग धरून द्यायला कोणीही चालतं, गटाचा प्रश्न येत नाही. ते म्हणाले, "चालेल," आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

फाटकापाशी फादमा उभी होती. मुलगी सात वर्षं पळते आहे, फादमा आज पहिल्यांदा ट्रॅकवर आली. मी तिला भिंतीजवळ दगडावर बसवलं.

दोघी सुटल्या. इत्तो पुढे, गिझ्लान तिच्या पाठीला चिकटून. चारशे, एक मिनिट दोन. इत्तोचे खांदे खाली होते, मुठी सुटलेल्या. सात वर्षं मी जे ओरडून सांगत होते ते आज आपोआप आलं होतं. वळणावर ती सहज पाच पावलं पुढे गेली, मग आठवल्यासारखी पुन्हा मागच्या मुलीच्या चालीवर आली. फादमा दगडावरून उठली. तिने कधी पाहिलंच नव्हतं. तोंडावर ओढणीचं टोक धरून ती पायांच्या बोटांवर उभी राहिली.

सहाशेच्या खुणेला इत्तो बाहेरच्या पट्टीवर सरकली, दोन पावलं चालली आणि थांबली. गिझ्लान तिच्या बाजूने निघून गेली. इत्तो कमरेवर हात ठेवून मागून ओरडत होती, "जा, जा, हात मार."

दोन मिनिटं चार पूर्णांक सहा. सी बूशतांनी लिहून घेतलं. डाव्या पानावर मीही लिहिलं, गिझ्लानच्या नावापुढे. इत्तोच्या नावापुढे काय लिहायचं ते कळेना.

फादमा माझ्या बाहीला धरून हलवत होती. "ती पुढे होती," ती म्हणाली. "मी बघितलं ना. चांगली पुढे होती. दमलीही नव्हती. मग थांबली का?"

मी म्हटलं, "तिचं आज तेवढंच ठरलं होतं."